डास मुख्य यजमान, मग माणूस कोण? परजीवीशास्त्रातल्या शब्दांबद्दल एका विद्यार्थिनीला उत्तर

ऐरोलीहून डीएमएलटीच्या (लॅब तंत्रज्ञांच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं आहे: "हिवताप माणसाला होतो, तरी पुस्तकात डासाला मुख्य यजमान म्हटलंय आणि माणसाला मध्यस्थ. हत्तीरोगात नेमकं उलटं. इन्फेक्टिव्ह स्टेज आणि डायग्नोस्टिक स्टेज यांचीही माझी दरवेळी गल्लत होते. आणि पोस्टिंगला जाते तिथले सर रिपोर्टात 'जंतांची अंडी नाहीत' असं लिहू देत नाहीत, 'दिसली नाहीत' असंच लिहायला लावतात. हे सगळं पाठ कसं करायचं?"

पाठ करू नकोस, हे सगळ्यात आधी सांगते. ठाण्यात लॅबमध्ये काम करून मला २७ वर्षं झाली, त्यातली १५ मुलांना शिकवण्यातही गेली. या व्याख्या परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणारी मुलं जानेवारीपर्यंत सगळं विसरलेली असतात, हे मी दरवर्षी बघते. दोष त्यांच्या स्मरणशक्तीचा नाही. आजाराकडे आपण रुग्णाच्या बाजूने बघतो आणि हे शब्द मात्र परजीवीच्या बाजूला उभं राहून केलेले आहेत. ही बाजू बदलली की तुझे पहिले दोन प्रश्न आपोआप सुटतात. तिसरा थोडा वेगळा आहे, त्याकडे शेवटी येते.

परजीवी म्हणजे कोण, तिथून सुरुवात करू. आंब्याच्या झाडावरचं बांडगूळ तू पाहिलं असशील. फांदीत मुळं रुतवून ते झाडातून पाणी आणि क्षार ओढतं, फांदी पुढे वाळत जाते. त्याच आंब्यावर पावसाच्या तोंडाशी सीतेची वेणी फुलते. तीही झाडावरच राहते, पण झाडाकडून तिला फक्त बसायला जागा हवी असते. तिची मुळं हवेतलं आणि सालीवरून ओघळणारं पाणी घेतात. आणि कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांचा गुंता टाकणारी अमरवेल? तिला धड पान नाही, जमिनीत मूळ नाही, यजमान झाड सुटलं की ती मेली.

परजीवीशास्त्राचं पहिलं प्रकरण या तिघींत येऊन जातं. सीतेची वेणी सहभोजी, म्हणजे कमेन्सल: राहते, पण त्रास देत नाही. बांडगूळ आणि अमरवेल दोन्ही परजीवी. त्यातली अमरवेल तर अन्नासाठीही पूर्णपणे परावलंबी. यजमानाशिवाय जगूच न शकणारा परजीवी तो ऑब्लिगेट. हिवतापाचा प्लास्मोडियम या अमरवेलीच्या जातीचा आहे, यजमानाबाहेर त्याचं जगणं नाही. याउलट नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा कोमट गोड्या पाण्यात स्वतंत्रपणे सुखाने जगतो. पोहताना ते पाणी नाकात गेलं तर मात्र तो मेंदूपर्यंत पोचतो आणि जीव घेतो. असा प्रसंगानुसार परजीवी होणारा तो फॅकल्टेटिव्ह.

सहभोजी हा शब्द लॅबमध्ये रोज लागतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. आपल्या आतड्यात एंटअमीबा कोलाय नावाचा अमीबा राहू शकतो. तो निरुपद्रवी आहे. त्याची पक्व सिस्ट, म्हणजे कवचातली सुप्त अवस्था, मोठी असते, आत साधारण ८ केंद्रकं. मुरड्याला कारण असलेल्या एंटअमीबा हिस्टोलिटिकाची सिस्ट लहान, पक्व झाल्यावर ४ केंद्रकं. नवखा माणूस घाईत मोजतो, किंवा मोजतच नाही, आणि निरुपद्रवी पाहुण्यासाठी रुग्णाला औषधं चालू होतात. त्यात 'ई. कोलाय' हे लघुरूप एश्चेरिशिया कोलाय या जिवाणूचंही आहे. स्टूलच्या रिपोर्टात 'ई. कोलाय सिस्ट' वाचून रुग्णाने लघवीच्या कल्चरशी त्याचा संबंध जोडला आणि आठवडाभर काळजी केली, असं माझ्या समोर घडलं आहे. म्हणून रिपोर्टात प्रजातीचं नाव पूर्ण लिहायचं. हात दुखला तरी पूर्ण.

आता यजमान, म्हणजे परजीवी ज्याच्या शरीरात राहतो तो. लॅबमध्ये आपण होस्टच म्हणतो. मराठी पुस्तकांत यजमान, पोषक, आश्रयदाता असे तीन-चार शब्द भेटतील, सगळ्यांचा अर्थ एकच. प्रश्न आहे 'मुख्य' कोण याचा. मुख्य किंवा अंतिम यजमान म्हणजे ज्याच्या शरीरात परजीवीचे नर-मादी एकत्र येतात, लैंगिक प्रजनन होतं, किंवा परजीवी प्रौढ होतो, तो. आजार कोणाला होतो, मरतं कोण, डॉक्टरकडे कोण जातं, यातलं काहीही त्या व्याख्येत नाही. रुग्णाला मुख्य मानण्याची सवय आपली आहे. परजीवीच्या दृष्टीने लग्न जिथे लागतं ते घर मुख्य. वाढ होते पण लग्न लागत नाही, ते घर मध्यस्थ.

या कसोटीवर हिवताप घासून बघ. डास चावताना माणसात स्पोरोझॉइट, म्हणजे परजीवीचं शरीरात शिरणारं रूप, सोडतो. ते यकृतात जातात, तिथे वाढून हजारोंच्या संख्येने रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशींत शिरतात. पेशीत त्यांची वाढती रूपं: आधी रिंग, मग ट्रोफोझॉइट, मग विभागणारा शायझॉन्ट. पेशी फुटते, त्यातून मेरोझॉइट ही नवी पिल्लं बाहेर पडून नव्या पेशी गाठतात, आणि त्या फुटण्याबरोबर थंडी वाजून ताप भरतो. हे सगळं प्रजनन एकाचे अनेक होण्याचं, अलैंगिक. काही मेरोझॉइट मात्र वेगळी वाट धरतात आणि गॅमेटोसाइट होतात, नर किंवा मादी. माणसाच्या रक्तात ते नुसते वाट बघत फिरतात, त्यांचं मीलन तिथे होत नाही. मादी अ‍ॅनोफिलीस रक्त पिते तेव्हा ते तिच्या पोटात जातात. फलन तिथे, युग्मज तिथे. पोटाच्या भिंतीवर ऊसिस्ट, म्हणजे युग्मजापासूनची पिशवी, तयार होते, ती फुटून स्पोरोझॉइट लाळग्रंथीत जातात. लग्न डासात लागलं, म्हणून डास मुख्य आणि आपण मध्यस्थ.

ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला जे पाहिलं ते हेच. हिवतापाच्या रुग्णाचं रक्त प्यायलेल्या डासाच्या पोटाच्या भिंतीवर त्यांना गोल पेशी दिसल्या आणि त्या पेशींत काळसर रंगद्रव्य दिसलं. तसंच रंगद्रव्य माणसाच्या रक्तातल्या हिवतापाच्या परजीवीत असतं, हे फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांनी १८८० मध्ये तो परजीवी शोधला तेव्हापासून माहीत होतं. त्या काळ्या कणांवरून रॉस यांनी ओळखलं की हा तोच जीव दुसऱ्या रूपात आहे. पुढच्या वर्षी कोलकात्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी लाळग्रंथीपर्यंतचा पूर्ण रस्ता दाखवला. १९०२ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. मुलांना हे मी मुद्दाम सांगते, कारण 'पिगमेंट' हा शब्द त्यांना स्लाइडवरचा कचरा वाटतो. स्टेन, म्हणजे स्लाइडला द्यायचा रंग, नीट गाळलेला नसेल तर तो कचरा असतोही. फोकस वर-खाली करून बघ. परजीवीतलं पिगमेंट पेशीच्या आत, त्याच पातळीवर राहतं, स्टेनचे कण वर तरंगतात.

हत्तीरोगात हीच कसोटी उलटं उत्तर देते. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या कृमीचे प्रौढ नर-मादी माणसाच्या लसिकावाहिन्यांत राहतात, मीलन तिथेच होतं, मादी मायक्रोफायलेरिया, म्हणजे इवल्या अळ्या, रक्तात सोडते. म्हणजे इथे मुख्य यजमान माणूस. क्युलेक्स डास त्या मायक्रोफायलेरिया पितो, त्या त्याच्या छातीच्या स्नायूंत वाढतात, कात टाकतात, तिसऱ्या अवस्थेतली अळी होतात आणि सोंडेकडे येतात. डास मध्यस्थ.

आणखी एक फरक आहे, तो तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. प्लास्मोडियम डासात रूपही बदलतो आणि संख्येनेही वाढतो, एका ऊसिस्टमधून हजारो स्पोरोझॉइट निघतात. याला सायक्लोप्रोपगेटिव्ह म्हणतात. हत्तीरोगाच्या कृमीची (फायलेरियाची) अळी डासात फक्त रूप बदलते, एका मायक्रोफायलेरियाची फार तर एकच अळी होते. ते सायक्लोडेव्हलपमेंटल. हा फरक डोक्यात असला की हिवतापाला एका डासाचा एक चावा पुरतो आणि हत्तीरोग मात्र महिनोन् महिने, बहुधा वर्षानुवर्षं, चावे खाल्ल्यावर जडतो, याचं कारण कळतं.

माश्या मात्र या हिशोबात येत नाहीत. मिठाईवर बसलेली माशी पायाला सिस्ट चिकटवून आणते, तिच्या अंगात परजीवीची वाढ काहीच होत नाही. ती नुसती हमाल, म्हणजे मेकॅनिकल व्हेक्टर. डास बायोलॉजिकल व्हेक्टर. व्हेक्टर आणि होस्ट हे दोन वेगळ्या प्रश्नांचे शब्द आहेत: 'कोणी आणलं' आणि 'कोणाकडे राहिला'. डास एकाच वेळी दोन्ही असू शकतो. आणि एंटअमीबा, जिआर्डिया यांच्यासारख्या आतड्यातल्या एकपेशीय परजीवींत लैंगिक अवस्था आणि दुसरं घर दोन्ही नाहीत, तिथे मुख्य-मध्यस्थ हा वाद घालूच नये. माणूस होस्ट, संपलं.

ठाणे-नवी मुंबईत राहून हे शिकणाऱ्यांना एक सोय आहे, दोन्ही डास दाराशी आहेत. क्युलेक्सला घाण पाणी लागतं, तुंबलेली गटारं, नाले. शहरी हिवतापाचा अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्साय स्वच्छ पाण्यातला. गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, बांधकामावरचा हौद, स्लॅबवर क्युरिंगसाठी अडवलेलं पाणी, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी. घोडबंदर रोडवर आणि खाडीपलीकडे तुमच्या बाजूला टॉवर उभे राहत असताना पावसाळ्यात आमच्याकडे तापाच्या स्लाइड्स वाढतात, त्यातले बरेच लोक साइटवर राहणारे मजूर असतात. त्यांच्याशी बोलत जा. 'गावाहून कधी आलात' आणि 'आधी कधी असा ताप आला होता का' हे दोन प्रश्न विचारून फॉर्मवर लिही.

कारण इथे तीन शब्द येतात, ते एकमेकांत मिसळले तर डॉक्टरचा निर्णय चुकू शकतो. प्लास्मोडियमच्या व्हायवॅक्स या जातीचे काही परजीवी यकृतात हिप्नोझॉइट म्हणून झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी जागे होऊन रक्तात येतात. हा रिलॅप्स. फाल्सिपॅरम या दुसऱ्या जातीत झोपणारी अवस्था नाही, पण उपचार अपुरा पडला तर रक्तात उरलेले थोडे परजीवी पुन्हा वाढतात. तो रिक्रुडेसन्स. आणि नव्या डासाने नव्याने दिलेला ताप म्हणजे रीइन्फेक्शन. तिन्हींत रुग्ण एकच वाक्य बोलतो: "ताप परत आला." व्हायवॅक्समध्ये झोपलेले परजीवी मारायला प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स देतात. ताप चौथ्या दिवशी उतरला की लोक गोळ्या सोडतात आणि दोन महिन्यांनी आपल्या बाकावर परत येतात. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असेल तर हेच औषध तांबड्या पेशी फोडू शकतं, म्हणून ती तपासणी आधी मागवतात. ती मागणी आली की 'नंतर करू' म्हणून बाजूला ठेवू नकोस.

आता दुसरा प्रश्न. इन्फेक्टिव्ह स्टेज म्हणजे ज्या रूपात परजीवी शरीरात शिरतो ते. डायग्नोस्टिक स्टेज म्हणजे ज्या रूपात तो आपल्याला नमुन्यात सापडतो ते. एक आत येण्याचं दार, दुसरं बाहेर जाण्याचं. गल्लत का होते, तर काही परजीवींत दोन्ही दारांतलं रूप एकच असतं आणि काहींत अगदी वेगळं. हिवतापात आत येतो स्पोरोझॉइट, तो तुला स्लाइडवर कधीही दिसणार नाही. दिसतात रिंग, शायझॉन्ट, गॅमेटोसाइट. फाल्सिपॅरममध्ये बोटाच्या रक्तात बहुधा रिंग आणि केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट एवढंच सापडतं, मधल्या अवस्था आतल्या अवयवांच्या बारीक वाहिन्यांत चिकटून बसलेल्या असतात. म्हणून स्लाइडवर परजीवी थोडे दिसले तरी रुग्ण गंभीर असू शकतो.

जंतांकडे बघू. ॲस्कॅरिस या मोठ्या गोल जंताची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते, ती शौचातून बाहेर पडतात, आपल्याला सापडतात. पण ताजं अंडं कोणाला बाधा करू शकत नाही. ओलसर मातीत दोन-तीन आठवडे काढून आत अळी तयार झाली की मगच ते इन्फेक्टिव्ह होतं. म्हणून ॲस्कॅरिस हा मातीतून पसरणारा जंत. आतड्यात रक्त पिणाऱ्या अंकुशकृमीचं (हुकवर्मचं) अंडं मातीत फुटतं, अळी दोनदा कात टाकते आणि अनवाणी पायाच्या त्वचेतून आत शिरते. शहापूर-मुरबाडकडे लावणीच्या वेळी चिखलात अनवाणी राबणारी बाई हिमोग्लोबिन ६ घेऊन येते तेव्हा लोहाच्या गोळीबरोबर स्टूलही तपासायला हवं, हे या एका शब्दातून निघतं: इन्फेक्टिव्ह स्टेज, म्हणजे दोनदा कात टाकलेली फायलेरिफॉर्म अळी, त्वचेतून.

याउलट अमीबा आणि जिआर्डियाच्या सिस्ट, टीनिया सोलियम या पट्टकृमीची अंडी हे बाहेर पडल्याक्षणी इन्फेक्टिव्ह. तुझ्या टेबलावर ठेवलेली डबी उघडताना हा फरक तुझ्या हातमोज्यांइतका महत्त्वाचा आहे.

अमीबाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही. आव पडते आहे, पोटात कळा येताहेत, दिवसातून दहा वेळा जुलाब होताहेत, असा माणूस फार पसरवत असेल असं वाटतं. त्याच्या शौचात असतात ट्रोफोझॉइट, म्हणजे अमीबाचं हलणारं, खाणारं रूप. ते बाहेर लवकर मरतात, आणि कोणी गिळले तरी पोटातल्या आम्लात टिकत नाहीत. पसरवणारा तो, ज्याला काहीच होत नाही, शौच घट्ट होतं आणि ज्याच्या शौचातून रोज सिस्ट जातात. तो कॅरियर. म्हणून खाणावळीत स्वयंपाक करणाऱ्यांची तपासणी त्यांची तब्येत ठणठणीत असतानाही करायची असते. नमुन्याची वेळही याच्यावरच ठरते. पातळ, आव-रक्ताचं शौच अर्ध्या तासाच्या आत सलाईनमध्ये बघायचं, हलणारे ट्रोफोझॉइट तरच दिसतील. आयोडीन नंतर, कारण त्याने ते मरतात, पण सिस्टची केंद्रकं त्यात छान उठतात. ट्रोफोझॉइटच्या पोटात तांबड्या पेशी दिसल्या तर तो हिस्टोलिटिका. नुसती चार केंद्रकांची सिस्ट दिसली तर ती निरुपद्रवी एंटअमीबा डिस्पारचीही असू शकते, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही हुबेहूब एकसारख्या. म्हणून 'हिस्टोलिटिका किंवा डिस्पार' असं लिहिणं प्रामाणिक.

टीनिया सोलियमवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण त्याच्या संज्ञा कळल्या नाहीत तर घरं उद्ध्वस्त होतात. काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या सोळा वर्षांच्या मुलीचे कागद घेऊन आली. मुलीला आकडी आली होती, एमआरआयमध्ये मेंदूत सिस्ट, निदान न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे टीनिया सोलियमच्या अळ्या मेंदूत बसणं. कोणीतरी त्यांना 'हा डुकराच्या मांसातून येतो' एवढंच सांगितलं होतं. घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. त्या बाईला मुलीच्या आजारापेक्षा 'मुलगी बाहेर काय खाते' या संशयाने जास्त पोखरलं होतं आणि मुलगी आठवडाभर रडत होती. मी त्यांना कागदावर दोन बाण काढून दाखवले. तेच इथे शब्दांत मांडते.

या पट्टकृमीचा मुख्य यजमान माणूस. प्रौढ कृमी माणसाच्या आतड्यात राहतो, काही मीटर लांब. त्याचे अंड्यांनी भरलेले तुकडे शौचातून बाहेर पडतात. डुक्कर ते शौच खातं, अंड्यातून निघालेली अळी त्याच्या स्नायूंत जाऊन बसते, पाण्याच्या थेंबासारखी सिस्ट होते, सिस्टिसर्कस. डुक्कर मध्यस्थ. माणसाने कच्चं-अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं तर ही सिस्ट त्याच्या आतड्यात प्रौढ कृमी होते. हा झाला टीनियासिस, त्यात मेंदूला थेट काही होत नाही. हा पहिला बाण.

दुसऱ्या बाणात माणूस सिस्ट न खाता अंडं गिळतो. शेतात माणसाची विष्ठा पडली, त्या पाण्यावर कोथिंबीर, पालक, कोबी आला, नीट न धुता खाल्ला गेला. किंवा आतड्यात कृमी असलेल्या माणसाने शौचानंतर हात न धुता कोणाला जेवण वाढलं. आता तो माणूस डुकराच्या जागी आला, मध्यस्थ यजमान झाला. अळी रक्तातून फिरत स्नायूंत, डोळ्यात, मेंदूत जाऊन बसते. अंडं येतं माणसाच्या विष्ठेतून, डुकराच्या मांसातून येत नाही. त्यामुळे शाकाहारी घराला यापासून संरक्षण नाही, आणि शाकाहारी मुलीला आकडी आली म्हणून तिच्या खाण्यावर संशय घेण्याला काहीही आधार नाही. 'कोबीतला किडा मेंदूत जातो' हा समजही खोटा. कोबीतली हिरवी अळी फुलपाखरा-पतंगाची असते, तिचा मेंदूशी संबंध नाही. डोळ्याला न दिसणारं अंडं पानावर असू शकतं, म्हणून पानं सुटी करून वाहत्या पाण्यात धुवायची.

त्या आईने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरातल्या सगळ्यांचं स्टूल तपासायचं का, असं विचारलं. तिने विचारलेला तो सगळ्यात योग्य प्रश्न होता. घरात कोणाच्या आतड्यात प्रौढ कृमी असेल तर अंड्यांचा झरा तिथेच असतो. तपासताना एक लक्षात ठेव, सोलियम आणि त्याचा भाऊबंद टीनिया सॅजिनाटा या दोघांची अंडी दिसायला सारखीच असतात, अंड्यावरून प्रजाती सांगू नकोस. 'टीनियाची अंडी' एवढंच लिही.

माणूस आणखी एका प्रकारे मध्यस्थाच्या जागी सापडतो. एकायनोकॉकस हा काही मिलिमीटरचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, मध्यस्थ असते मेंढी. माणूस कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी गिळतो आणि त्याच्या यकृतात हायडॅटिड सिस्ट वाढते. मेंढीचे अवयव कुत्रा खातो म्हणून चक्र पुढे चालतं. माणसाचं यकृत कुत्रा खात नाही, चक्र तिथेच थांबतं. म्हणून माणूस इथे डेड-एंड होस्ट, परजीवीच्या दृष्टीने आंधळी गल्ली. पुन्हा तीच बाजू बघ, शब्द परजीवीचा आहे.

काळाचे दोन शब्द थोडक्यात. शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत इन्क्युबेशन. शिरल्यापासून परजीवी नमुन्यात सापडेपर्यंत प्रीपेटंट. ॲस्कॅरिसची अळी फुप्फुसातून जाताना मुलाला खोकला येऊ शकतो, रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, पण स्टूल कोरं. अंडी दिसायला दोन-तीन महिने लागतात. नारू या दोऱ्यासारख्या कृमीत हा काळ सुमारे वर्षाचा. पाण्यातल्या सायक्लॉप्स या बारीक जीवातून पोटात गेलेला नारू वर्षभराने पायाला फोड आणून बाहेर डोकावायचा. माझी आजी सांगायची, काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा, तुटू द्यायचा नाही. तुझ्या पिढीला तो शब्द माहीत नसणं ही चांगली बातमी आहे. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. लसही नव्हती आणि औषधही नव्हतं. पाणी फडक्याने गाळून पिणं, पायऱ्यांच्या विहिरींत माणसाला उतरू न देणं, पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारणं, यावर तो गेला. मध्यस्थ यजमान कोण हे नेमकं माहीत होतं म्हणून हे जमलं.

आता तुझ्या सरांकडे येते. ते बरोबर आहेत.

मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी एका छोट्या लॅबमध्ये होते. चार वर्षांचा मुलगा, रात्री झोपेत रडायचा, ढुंगण खाजवायचा. त्याचं स्टूल मी तीनदा तपासलं आणि तीनदा लिहिलं, 'जंतांची अंडी नाहीत'. त्या शब्दावर विसंबून त्या पोराला ॲलर्जीची औषधं दिली गेली, दोन महिने. शेवटी आमच्या वरिष्ठ बाईंनी पारदर्शक चिकटपट्टी आणायला सांगितली. सकाळी, मुलगा उठल्याबरोबर, शौचाच्या आणि अंघोळीच्या आधी, गुदद्वाराभोवती पट्टी दाबून ती काचेवर चिकटवली. सूक्ष्मदर्शकाच्या पहिल्याच फील्डमध्ये एका बाजूने सपाट अशी अंडी, डझनाने. एंटेरोबियस, म्हणजे पिनवर्म. त्याची मादी रात्री बाहेर येऊन त्वचेवर अंडी घालते, शौचात ती क्वचितच सापडतात. शिवाय ती अंडी सहाएक तासांतच इन्फेक्टिव्ह होतात, खाजवलेल्या नखांतून परत तोंडात. याला ऑटोइन्फेक्शन म्हणतात. म्हणून उपचार घरातल्या सगळ्यांना, दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा, आणि चादरी त्याच दिवशी धुवायच्या.

मी नमुना नीट बघितला होता. अंडी खरंच नव्हती, त्या नमुन्यात. माझी चूक अशी की मी नमुन्याबद्दल बोलण्याऐवजी मुलाबद्दल बोलले. 'नाहीत' हा शब्द मुलाबद्दल आहे, 'दिसली नाहीत' हा डबीबद्दल. आपल्याला फक्त डबी माहीत असते.

त्यात परजीवी रोज सारखे बाहेर पडत नाहीत. जिआर्डियाच्या सिस्ट काही दिवस भरपूर, मग काही दिवस एकही नाही. म्हणून एकाआड एक दिवस असे तीन नमुने मागायचे. वुचेरेरियाच्या मायक्रोफायलेरिया आपल्याकडे रात्री १० ते २ च्या सुमारास बोटाच्या रक्तात येतात, दिवसा फुप्फुसाच्या वाहिन्यांत दडतात. दुपारी १२ ला घेतलेल्या रक्तावर 'मायक्रोफायलेरिया नाहीत' लिहिणं म्हणजे दुकान बंद असताना जाऊन माल नाही म्हणणं. हिवतापात थिक स्मीअरची, म्हणजे रक्ताच्या जाड थेंबाच्या स्लाइडची, १०० फील्ड्स ऑइल इमर्शनच्या भिंगाखाली बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नये, आणि संशय असेल तर पुढच्या दिवशीही पुन्हा रक्त घ्यावं. उलट बाजूही आहे: फाल्सिपॅरमची रॅपिड टेस्ट ज्या एचआरपी-टू प्रथिनावर चालते ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. नुकताच उपचार घेतलेल्या माणसाची पट्टी पॉझिटिव्ह आली तर स्लाइड बघ, मग बोल.

नमुना तीन तास डबीत, गरम खोलीत पडून असेल तर तेही रिपोर्टात लिही. एकदा असंच रात्रभर राहिलेल्या नमुन्यात एका मुलाने अळ्या पाहिल्या आणि 'स्ट्राँगिलॉइडिस' या दुसऱ्याच जंताचं नाव लिहून मोकळा झाला. अंकुशकृमीची अंडी उबेत फुटून अळ्या झाल्या होत्या. दोन्ही अळ्या प्रथमदर्शनी सारख्या दिसतात, अंकुशकृमीच्या अळीचं तोंडाकडचं पोकळ नळकांडं लांब असतं, स्ट्राँगिलॉइडिसचं आखूड. ताज्या नमुन्यात अळी दिसली तर मात्र स्ट्राँगिलॉइडिस गांभीर्याने घे, ताबडतोब डॉक्टरांना फोन कर. रुग्ण स्टेरॉइडवर असेल तर हा परजीवी आतल्या आत वाढत जाऊन प्राणावर बेततो.

पोस्टिंगला नमुन्याच्या डबीवर वेळ लिहायची जागा नसेल तर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनाने लिही: शौच किती वाजता झालं आणि तुझ्या हातात किती वाजता आलं.